भोक पडलेला बारकोड

गेल्या पावसाळ्यात मी ‘माय फेअर लेडी’ची एक जुनी सीडी टपालाने मागवली. मला हवे होते ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर १५ मार्च १९५६ रोजी सुरू झालेल्या या संगीत नाटकाचे, त्याच नटसंचाने दहा दिवसांनी, २५ मार्चच्या रविवारी केलेले ध्वनिमुद्रण. पाकीट फोडले तर मुखपृष्ठावर अल हर्शफेल्डचे ओळखीचे रेखाचित्र होते: ज्याच्या ‘पिग्मॅलियन’वरून हे नाटक झाले तो म्हातारा बर्नार्ड शॉ ढगांत बसून नायक प्रोफेसर हिगिन्सला दोऱ्यांवर नाचवतो आहे आणि हिगिन्स नायिका एलायझाला. या दोन भूमिका करणाऱ्या रेक्स हॅरिसन आणि ज्युली अँड्र्यूज यांची नावेही जागच्या जागी होती. मी हेडफोन लावले, आणि वाद्ये डावीकडे-उजवीकडे पसरलेली ऐकू येताच माझा चेहरा पडला. १९५६चे ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांत आवाज एकसारखाच येतो. माझ्या हाती आले होते ते लंडनच्या नटसंचाने १९५९ साली स्टीरिओत केलेले.

विक्रेत्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, कारण मीही नाव आणि चित्र एवढेच पाहून मागणी नोंदवली होती. दोन्ही संचांतले प्रमुख नट तेच. एलायझाच्या प्रेमात पडणाऱ्या फ्रेडीचे काम न्यूयॉर्कला जॉन मायकेल किंगने केले आणि लंडनला लिओनर्ड वीअरने, पण तेवढे कळण्यासाठी बारीक टाइपातली नामावळी वाचावी लागते. त्यात १९६४च्या चित्रपटाची सीडी आणखी निराळी. तिथे पडद्यावर ऑड्री हेपबर्न असली तरी तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सनच्या गळ्यातली आहेत. नाट्यपद मागताच ‘कोणाच्या आवाजातले?’ हा प्रश्न ऐकण्याची सवय असलेल्या आपल्याला हा घोळ नवा नाही. मात्र जो फरक दुकानदार विचारून घेत असे, तो हल्ली सीडीच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या रेघांत छापलेला असतो, आणि मी तिकडे कधी पाहिलेच नव्हते.

त्या रेघा संगीतासाठी जन्मल्या नाहीत. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ट्रॉय गावी, एका किराणा-बाजारात २६ जून १९७४ रोजी च्युइंगमचे एक पाकीट गल्ल्यावर वाचले गेले, तिथून हा बारकोड व्यवहारात आला. ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर तो रुळायला १९८०च्या आसपासचा काळ उजाडला. त्यामुळे १९५६च्या मूळ एलपीवर तो शोधून सापडणार नाही. तिची ओळख म्हणजे कोलंबिया कंपनीचा ‘ओएल ५०९०’ हा क्रमांक. बारकोड येतो तो नंतर निघालेल्या सीडींवर, आणि न्यूयॉर्कचा संच, लंडनचा संच, चित्रपट यांना तो वेगवेगळा असतो. खरे तर त्याला गाण्याशी काही देणेघेणेच नाही. विकायला ठेवलेली वस्तू कोणती, एवढेच तो सांगतो. म्हणून एकाच ध्वनिमुद्रणाच्या कॅसेटला एक आकडा आणि सीडीला दुसरा. बऱ्याच अमेरिकी कंपन्यांत तर शेवटून दुसरा आकडा प्रकार दाखवण्यासाठीच राखलेला असे: एलपीला १, सीडीला २, कॅसेटला ४. (८९०ने सुरू होणारा आकडा दिसला की माल भारतात बनला, असे आपण धरून चालतो. तेही खरे नाही. क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ.)

मला सर्वांत गोडी लागली ती शेवटच्या आकड्याची. अमेरिकी बारकोडात बारा आकडे असतात, पण माहिती पहिल्या अकरांतच असते, बारावा तपासनीस. समजा, शाळकरी पोराने म्हणून दाखवावेत तसे आकडे आहेत: १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, ०, १. विषम स्थानांवरच्यांची बेरीज २६, तिची तिप्पट ७८, सम स्थानांवरच्यांची बेरीज २०, एकूण ९८. पुढची पूर्ण दहाई शंभर, तेव्हा बारावा आकडा २. गंमत अशी की मोजणीतही १ नंतर २च यायचा होता. कारकुनाने एखादा आकडा चुकवला तर हा हिशेब जुळत नाही. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली तरी बहुधा पकडली जाते, मात्र त्यांच्यात पाचाचा फरक असेल, म्हणजे १६चे ६१ झाले, तर तपासनीस डुलकी घेतो. तसेच कंपनीने जुनाच बारकोड ठेवून नवी आवृत्ती काढली, तरी त्याला काही उमगत नाही, आणि संग्राहकांची बरीच डोकेदुखी तिथूनच सुरू होते. तरीही या रेघांच्या भरवशावर मोठे हिशेब चालले: मे १९९१ पासून ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीतविषयक नियतकालिकाने अल्बमची क्रमवारी दुकानदारांनी तोंडी कळवलेल्या याद्यांऐवजी गल्ल्यावर वाचल्या गेलेल्या बारकोडांवरून लावायला सुरुवात केली.

दुसऱ्यांदा मागणी नोंदवताना मी आधी मागच्या बाजूचे छायाचित्र मागितले. ते आले, आणि बारकोडाच्या मधोमध आरपार भोक. जाहिरातीसाठी वाटलेली किंवा मोडीत काढलेली प्रत दुकानात परत येऊ नये म्हणून ती अशी टोचून ठेवण्याची रीत होती. फोनचा कॅमेरा त्या रेघांसमोर हतबल झाला. खालचे आकडे मी भिंग घेऊन वाचले. अकरा मिळाले, सातवा भोकात गेला होता.

मग पेन्सिल घेतली. सातवे स्थान विषम, म्हणजे हरवलेल्या आकड्याची तिप्पट बेरजेत यायची; उरलेल्या विषमांची तिप्पट आणि तपासनिसासकट सर्व समांची बेरीज ९९ भरली. पूर्ण दहाई होण्यासाठी तिप्पट अशी हवी की तिच्या शेवटी १ येईल. शून्यापासून नवापर्यंत तसे फक्त सातालाच जमते: सात त्रिक एकवीस. बारा आकडे पुरे करून शोधले, तर यादीत नाव आले ते न्यूयॉर्कच्या संचाचे, १९५६चे. सीडी आठवड्याने पोचली. हेडफोन लावले, आणि सगळा वाद्यवृंद मधोमध, कपाळाच्या मागे एका ठिकाणी वाजू लागला.