काकाजीचं दहा रुपयांचं तिकीट

आज काकाजीची जुनी पेटी उघडली. वर सातबाराचे उतारे, खाली टपाल तिकिटांची वही. शेजारचं पोरगं १० रुपयांचे गांधीजी पाहून ओरडलंच, "भाऊ, हे तर लाखाचं हाय!"

१५ ऑगस्ट १९४८ ला निघालेल्या चार तिकिटांतलं हे सर्वात महागडं. छपाई स्वित्झर्लंडची. महागडं म्हणूनच याच्या नकलाही फार. घड्याळवाल्याचं भिंग मागून आणलं. अस्सल तिकिटावर फोटोग्राव्हूर छपाईची बारीक, एकसारखी जाळी दिसते. आमच्या गांधीजींच्या गालावर मात्र निळे, गुलाबी, पिवळे ठिपके, कोणी शिंपडल्यासारखे. घरच्या प्रिंटरचं काम! मागं पेन्सिलीनं काकाजीच्या अक्षरात '६००' लिहिलेलं. "त्या साली तूर बरी झाली होती," काकू म्हणाली अन् चहा ठेवायला गेली.

पोरगं म्हणे, ऑनलाइन टाकून देऊ, घेणाऱ्याचं नशीब. मी वही बंद केली.

काकूचा डोळा दुसरीकडंच. जुन्या पाकिटांवरची, शिक्का न लागलेली तिकिटं भिजवून काढायची, राखीच्या पाकिटाला होतील म्हणे. सांगितलं, वापरलेलं तिकीट संग्रहासाठी विकता येते, पण पुन्हा टपालाला लावणं गुन्हा, शिक्का नसला तरी.

"मंग त्याईनं शिक्का काऊन नाही मारला?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. गांधीजींच्या खाली पेन्सिलीनं 'नक्कल' लिहिलं. ६०० मात्र खोडलं नाही.