याद एलियाहूची गुरुवार रात्र

"किनारा काय, जुहूलाही आहे. तू आज माझ्याबरोबर याद एलियाहूला चल." काकांनी माझा तेल अवीवचा बेत एका वाक्यात मोडीत काढला. काही वर्षांपूर्वीचा हिवाळा. इस्रायलच्या अश्दोद शहरात मी मावशी आणि काकांकडे उतरलो होतो. दोघेही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. काका मूळचे रेवदंड्याचे, साठच्या दशकात आईवडिलांबरोबर इथे आले आणि पुढे त्यांचं सगळं आयुष्य अश्दोदच्या बंदरात गेलं. त्यांची मराठी अजून अस्सल अष्टागरी आहे. मावशींच्या हातची नारळाच्या दुधातली मच्छी खाताना आपण अलिबागलाच आहोत असं वाटतं. आणि मग काका पिवळा मफलर गळ्यात घालून दारात उभे राहतात.

पिवळा म्हणजे मकाबी तेल अवीव. बास्केटबॉलचा क्लब. मी कॉलेजात थोडंफार बास्केटबॉल खेळलो आहे, त्यामुळे नाव ऐकून होतो. पण एका क्लबच्या नावाने एका अख्ख्या देशाचा आठवडा कसा ठरायचा, हे कळायला काकांबरोबरचा तो प्रवास लागला.

अद हलोम स्टेशनवरून गाडी पकडली आणि हाहगाना स्टेशनला उतरलो. तिथून स्टेडियम पायी गाठता येतं. रस्ताभर पिवळे टी-शर्ट, आजोबांचा हात धरून चाललेली नातवंडं, कोपऱ्यावर सँडविचच्या दुकानासमोर रांग. इमारतीवर नाव प्रायोजकाचं असतं आणि ते बदलत राहतं. काकांसारखी जुनी माणसं मात्र वस्तीच्या नावानेच ओळखतात, याद एलियाहू.

क्लबची बास्केटबॉल शाखा १९३२ची, म्हणजे इस्रायल देशाहून सोळा वर्षांनी जुनी. हे स्टेडियम १९६३मध्ये उभं राहिलं तेव्हा वर आभाळ होतं. पाऊस आला की खेळ थांबायचा. छप्पर पडलं १९७२मध्ये. आता आत दहा हजारांवर माणसं बसतात. त्या रात्री समोर लिथुआनियाचा झाल्गिरिस संघ होता. त्यांचेही शेदोनशे समर्थक हिरवे शर्ट घालून एका कोपऱ्यात बसले होते. पण गेट ११च्या मागचे मकाबीवाले एकदा उभे राहिले की पायांखालची फळी थरथरते, अक्षरशः. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागत होतं. काका मात्र बोलत नव्हते. पाहुण्या संघाचा खेळाडू फ्री थ्रोला उभा राहिला की दोन्ही हात वर करून तेवढे ओरडायचे आणि पुन्हा गुडघ्यांवर कोपरं टेकून बसायचे. सत्तरी उलटलेला माणूस!

परतीच्या गाडीत त्यांनी मकाबीच्या १९७७ची गोष्ट सांगायला घेतली. मी आयुष्यात ऐकलेल्या खेळाच्या गोष्टींमध्ये ही सगळ्यात वरची आहे.

नायक टाल ब्रॉडी. जन्म अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या ट्रेंटनचा. १९६५मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, बाल्टिमोर बुलेट्सने त्याला निवडलं होतं. त्याच उन्हाळ्यात तो जगभरातल्या ज्यू खेळाडूंच्या मकाबिया स्पर्धेसाठी इस्रायलला आला, पुढच्या वर्षी परत आला आणि एनबीएत कधीच खेळला नाही. पैसा आणि नाव अमेरिकेत असताना इस्रायलमधल्या एका क्लबसाठी हा माणूस राहिला. हा निर्णय मला कोणत्याही चषकापेक्षा मोठा वाटतो. प्रशिक्षक राल्फ क्लाइन बर्लिनमध्ये जन्मलेले, नाझींच्या संहारातून वाचलेले. मधल्या फळीत उंचापुरा ऑल्सी पेरी, ज्याने पुढे ज्यू धर्म स्वीकारला. आणि गावचा पोरगा म्हणावा असा मिकी बेर्कोविच.

युरोपातल्या क्लबांच्या चषक स्पर्धेत फेब्रुवारीत गाठ पडली मॉस्कोच्या सीएसकेए क्लबशी. सोव्हिएत युनियनने १९६७च्या युद्धानंतर इस्रायलशी संबंध तोडलेले. त्यामुळे मॉस्कोत सामना नाही आणि तेल अवीवलाही नाही. शेवटी बेल्जियमच्या दक्षिण टोकाला असलेल्या विर्टोन नावाच्या छोट्याशा गावात, १७ फेब्रुवारीला, दोन्ही संघ उतरले. समोर सर्गेई बेलोव्ह, प्रशिक्षकाच्या बाकावर अलेक्सांदर गोमेल्स्की. सोव्हिएत बास्केटबॉलमध्ये याहून मोठी नावं नव्हती. मकाबीने तो सामना ९१-७९ असा मारला. संपल्यावर ब्रॉडीपुढे माइक आला आणि आपल्या अमेरिकन उच्चारांच्या हिब्रूत तो म्हणाला, आपण आता नकाशावर आहोत, आणि नकाशावरच राहणार. फक्त खेळात नाही, सगळ्यात.

"आमच्या इमारतीत टीव्ही एकाच घरी होता," काका म्हणाले. "खाली मोरोक्कोचे, वर पोलंडचे, आम्ही रेवदंड्याचे. एकमेकांची भाषा धड येत नव्हती. त्या रात्री सगळे त्या एका खोलीत. मला कोणी मिठी मारली तेही आठवत नाही."

हे ऐकताना मला बेने इस्रायलींचाच इतिहास आठवत होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मगुरूंनी यांच्या लग्नांबाबत शंका काढल्या होत्या. कोकणातून आलेली ही माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. १९६४मध्ये संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठे वाद शमू लागला. त्या घरांतल्या एका तरुणाला तेरा वर्षांनी मोरोक्को-पोलंडच्या शेजाऱ्यांतल्या कोणीतरी मिठी मारणं, याचं मोल मी बाहेरून मोजू शकत नाही. काकांचा आवाज ऐकून अंदाज मात्र आला.

अंतिम सामना ७ एप्रिलला बेलग्रेडमध्ये. समोर इटलीचा वारेसे, सलग आठव्यांदा अंतिम फेरीत आलेला. मकाबी ७८-७७ने जिंकलं. एका गुणाने! लोक रस्त्यावर उतरलेले असतानाच त्या रात्री उशिरा टीव्हीवर पंतप्रधान यित्झाक राबिन आले आणि त्यांनी पद सोडत असल्याचं सांगितलं. पत्नीच्या नावावरच्या अमेरिकेतल्या डॉलर खात्याचं प्रकरण होतं. पुढच्याच महिन्यात मजूर पक्षाची देशाच्या स्थापनेपासूनची सत्ता गेली. काकांच्या पिढीला या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आठवताच येत नाहीत.

तेव्हापासून गुरुवार मकाबीचा झाला. देशात तेव्हा टीव्ही चॅनेल एकच, आणि युरोपच्या स्पर्धेचे सामने गुरुवारी. १९७८मध्ये तर एनबीए विजेता वॉशिंग्टन बुलेट्स याद एलियाहूला येऊन ९८-९७ने हरून गेला. १९८१मध्ये स्ट्रासबर्गला बोलोन्याविरुद्ध पुन्हा एका गुणाने चषक आला.

देशातल्या लीगचं चित्र मात्र मला तितकं आवडत नाही. १९७० ते १९९२, सलग २३ वेळा मकाबी विजेता. आपल्याकडे मुंबईने रणजी सलग १५ वेळा जिंकली तेव्हा इतर राज्यांना काय वाटलं असेल, तेच तिथे हापोएलवाल्यांना वाटत असणार. हापोएल म्हणजे कामगार संघटनेचे क्लब, मकाबी मध्यमवर्गाचा. पैसा, प्रायोजक, परदेशी खेळाडू सगळं एकीकडे गोळा झालं की लीग उरते कुठे? म्हणून १९९३ची गोष्ट मला फार प्रिय आहे. उत्तरेकडच्या किबुत्झांच्या, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतींच्या, भागातला हापोएल गालिल एलियोन विजेता ठरला. त्यांचा प्रशिक्षक पिनी गेर्शोन. काकांनी हे नाव घेतलं आणि हसले, कारण पुढे हाच गेर्शोन मकाबीचा झाला.

आणि त्याच गेर्शोनच्या हाताखाली २००४चा एप्रिल. युरोलीगची, म्हणजे युरोपच्या त्या क्लब स्पर्धेची, अंतिम फेरी त्या वर्षी तेल अवीवमध्येच ठरलेली, पण तिथे पोचायला झाल्गिरिसला हरवणं भाग होतं. झाल्गिरिसकडे लिथुआनियाचा दिग्गज खेळाडू अर्विदास साबोनिस. शेवटच्या सेकंदांत मकाबी तीन गुणांनी मागे, आणि फ्री थ्रो लिथुआनियाकडे. तो हुकला. गुर शेलेफने कोर्टाच्या या टोकापासून लांब पास फेकला, डेरिक शार्पने तो घेतला, वळला, आणि घड्याळ संपता संपता तीन गुणांचा चेंडू आत. ओव्हरटाइममध्ये मकाबी १०७-९९. काका त्या रात्री आत होते. "पोलीस नाचत होता रे," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगतात. अंतिम सामन्यात मग बोलोन्याचा ११८-७४ असा धुव्वा उडाला. काकांबरोबरच्या त्या प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी मी तेल अवीवच्या राबिन चौकातला कारंजा बघायला गेलो. चषक आला की समर्थक तिथे कपड्यांसकट उड्या मारतात. २०१४मध्ये मिलानला रेआल माद्रिदला ओव्हरटाइममध्ये हरवलं, तेव्हाही मारल्या होत्या.

ऑक्टोबर २०२३मध्ये युद्ध पेटलं आणि मकाबीचे युरोलीगमधले घरचे सामने देशाबाहेर गेले. कुठे, तर बेलग्रेडला. मी काळजीने काकांना फोन केला होता. मुलंनातवंडं सुखरूप आहेत हे सांगून झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, "आणि सामने कुठे चाललेत माहीत आहे ना? तोच हॉल."

१९७७चा चषक जिथे जिंकला तो पायोनिर हॉल. २०१६पासून त्याला अलेक्सांदर निकोलिच यांचं नाव आहे. हे युगोस्लाव प्रशिक्षक, आणि वारेसेला १९७०, १९७२ आणि १९७३मध्ये युरोपचा विजेता करणारे तेच. म्हणजे मकाबीने ज्यांची सत्ता मोडली, ती घडवणाऱ्या माणसाच्या नावाच्या छपराखाली क्लबने आसरा घेतला. मी हे काकांना सांगितलं, तर त्यांना आधीच ठाऊक होतं. तीन वर्षं त्यांनी मोडीत न काढलेला माझा एकच बेत आहे, बेलग्रेडचा, आणि ते म्हणतात, गुडघे चालले तर मीही येतो.