रात्रनिवारा आणि आडवा पाऊस

केंद्राच्या शहरी बेघर निवारा योजनेचं माप असं होतं: लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी, चिपळूण लाखाच्या आतच. मग रात्रनिवाऱ्याचा विषय मागे पडतो तो पडतोच.

कोकणात खरी अडचण थंडीची नाही, पावसाची. जून ते सप्टेंबर तो वाऱ्यासोबत पश्चिमेकडून आडवा येतो. एसटी स्टँडच्या उघड्या शेडला छप्पर असतं, पण कोरडी राहते ती आतल्या भिंतीलगतची पट्टी. तिथल्या बाकांना मधोमध लोखंडी दांडे बसवले की माणूस ओल्या फरशीवर येतो. कुणाचं काय साधतं कोण जाणे! निवाऱ्याला पश्चिमेला छातीइतकी भिंत, वर पडवीला बांधतात तसा चुडतांचा (माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा) किंवा पत्र्याचा आडोसा, झोपायला फूटभर उंच ओटा, फरशीला बाहेर उतार. एवढ्यानं बरंच भागतं. उतार उलटा पडला तर पाणी ओट्याखालीच साचतं आणि डास होतात.

कुलूपबंद खण मात्र हवेतच. गाठोडं राखायला जागा नसेल तर निवारा रिकामा आणि स्टँड भरलेला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. गावी घर नसलेला खलाशी तेव्हा इथेच अडकतो. म्हणून खण मेअखेरीस तयार हवेत.