तोंडचा तोबरा

सकाळी सातला शहाद्याजवळच्या एका गावातून फोन आला. "डॉक्टर, घोडीची पार हाडं झालीत, बघून जा." मी पोचलो तेव्हा घोडी कडुलिंबाखाली उभी होती आणि नाना तिच्या तोंडाला तोबरा बांधत होते. आत रात्रभर भिजवलेले हरभरे, वर गुळाचा मोठा खडा. मी धावत जाऊन तोबरा सोडवून घेतला.

नाना माझ्याकडे बघतच राहिले. "भुकेल्या जिवाच्या तोंडचा घास काढता?"

घोडी तोबऱ्याच्या दिशेनं मान ताणत होती. तिच्या खालच्या ओठाला हरभऱ्याचं एक साल चिकटलं होतं. मला गलबलून आलं, पण तोबरा मी परत दिला नाही.

घोडी नानांच्या पुतण्याची. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून हौसेनं आणलेली, वरातीत नाचणारी. पुतण्या आजारी पडला आणि जवळजवळ तीन महिने सुरतेला उपचार घेत राहिला. ज्याच्याकडे घोडी सोपवली होती तो कधीमधी कडब्याची एखादी पेंढी टाकायचा. नानांना कळलं तसे ते आदल्या रात्री जाऊन तिला घेऊन आले.

मी तपासायला लागलो. बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या, कण्याच्या दोन्ही बाजूंना खोल खळगे, शेपटीच्या बुडाशी नुसतं हाड. छातीचा घेर 150 सेंटीमीटर, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत लांबी 136. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880 केलं की अंदाजे वजन निघतं: 258 किलो.

नाना अजून रागात होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि जे फारसं कुणाला सांगत नाही ते सांगितलं. व्यवसायाच्या सुरुवातीला असाच एक उपाशी घोडा माझ्याकडे आला होता. मीच म्हणालो होतो, पोटभर चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, द्या. त्यानं आनंदानं खाल्ली. पाचव्या दिवशी पाय थरथरायला लागले, सहाव्या दिवशी तो गेला. उपासमारीनं गेला असंच मी तेव्हा मालकाला सांगितलं. पुढे वाचनात आलं तेव्हा समजलं, माझ्या चंदीनं गेला.

उपाशी जनावर स्वतःची चरबी आणि मांस जाळून जगतं. त्यात शरीरातले स्फुरद (फॉस्फरस), पोटॅशियम, मॅग्नेशियमचे साठे संपत येतात. अशात एकदम दाणा आणि गूळ पोटात गेला की रक्तात साखर वाढते, इन्सुलिन उसळतं आणि उरलंसुरलं स्फुरद रक्तातून पेशींमध्ये ओढलं जातं. मग हृदयाला आणि श्वासाच्या स्नायूंना काही उरत नाही. धोका पहिल्या काही दिवसांतच, साधारण तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत. त्यातून घोड्याला उलटी करता येत नाही, गेलेलं परत येत नाही.

"नाना, निर्जळी उपास सोडताना आपण पुरणपोळीवर ताव मारतो का?"

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग देऊ काय?"

वाळवलेली लसूणघास. तिच्यात पिष्ट कमी, प्रथिनं चांगली, शिवाय स्फुरद आणि मॅग्नेशियमही. दर चार तासांनी साडेतीनशे ग्रॅम, दिवसरात्र मिळून सहा वेळा. स्वच्छ पाणी सतत पुढ्यात. किराणा दुकानातून तराजू मागवला. पहिली जुडी तराजूत ठेवली तेव्हा ती इतकीशी दिसली की नानांनी तोंड फिरवलं. घोडीनं ती दोन-चार मिनिटांत संपवली आणि रिकाम्या जमिनीवरून ओठ फिरवत राहिली. पुढचे चार तास तिच्यासमोर बसून काढणं हेच खरं अवघड काम, आणि ते नानांनी केलं.

चौथ्या रात्री दोन वाजता त्यांचा फोन आला, पाय सुजलेत. तसाच निघालो. सूज दाबली की खळगा पडत होता, पण ठोके नियमित होते, मिनिटाला 44. प्रथिनं कमी पडल्याची सूज होती ती; हळूहळू फिरवल्यावर उतरली. त्या रात्री मी तिथेच थांबलो.

चौथ्या दिवसानंतर घास थोडी थोडी वाढवत नेली. दोन आठवड्यांनी ती मनसोक्त वैरण खाऊ लागली. त्यानंतरच जंताचं औषध दिलं. दाढांच्या धारदार कडा गालाला टोचत होत्या, त्या कानशीनं घासल्या. वजन वाढत नसलेल्या घोड्याचं तोंड उघडून बघायला लोक विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं. दाणा सुरू केला तो महिन्यानंतर, तोही मूठभर.

साडेचार महिन्यांनी फीत लावली. दुसरं टोक नानांनी धरलं होतं. घेर 168, वजन 323 किलो. घोडीनं त्यांच्या खिशात नाक खुपसलं. नानांनी तोबरा काढला, त्यात ओट आणि हरभरा भरला, आणि तिच्या तोंडाला बांधण्याआधी तराजूत ठेवला.