आमची वाटचाल : मधल्या भांगाचं ते दशक

बार्शीत एस.टी. स्टँडजवळ अण्णांनी दुकान टाकलं तेव्हा दोन लाकडी खुर्च्या, एक लांब आरसा आणि रेडिओ एवढंच भांडवल होतं. कानावर केस आणि लांब कल्ले ठेवणाऱ्यांचे ते दिवस. नव्वदच्या दशकात मी हाताशी उभा राहिलो. एड्सबद्दल लोक सावध झाले, तसा अण्णांनी धारेचा वस्तरा पेटीत ठेवला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड सुरू केलं.

पण आमचं दुकान खरं घडलं ते २००० नंतरच्या दहा वर्षांत. तोवर माणूस खुर्चीत बसला की ‘बारीक’ किंवा ‘मिडियम’ एवढंच सांगायचा. आता पोरं नटाचं नाव घेऊन येऊ लागली. २००१ मध्ये ‘दिल चाहता है’ आला आणि कॉलेजच्या मुलांना आखूड, वर उभे केलेले केस हवे झाले. स्पाइक म्हणजे नुसतं जेल फासणं नव्हे. वरचे केस कात्रीच्या टोकानं कमी-जास्त छाटले तर उभे राहतात. एका रेषेत कापले की जड होऊन पडतात.

मग ऑगस्ट २००३ मध्ये ‘तेरे नाम’ लागला. सलमान खानसारखा मधला भांग आणि दोन्ही बाजूंनी चेहऱ्यावर येणारे लांब केस गावोगाव दिसू लागले. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे तेवढी लांबी यायला आखूड केसाच्या मुलाला वर्षभर तरी थांबावं लागे. तोवर मानेवरची कड साफ करायची, कानामागचं दाट कमी करायचं आणि पुढच्या केसांना हात लावायचा नाही. अण्णा आधी केस ओले करून कपाळावरचा भोवरा बघत. तिथं भोवरा असेल तर मधला भांग बसतच नाही, एक बाजू उठून राहते. अशा मुलाला ते सरळ सांगत, “बाळा, तुला हे नको, कडेचा भांग शोभेल.” काही रुसून दुसऱ्या दुकानात गेले. पण मला अण्णांचं तेव्हाही पटत होतं आणि आजही पटतं. केस खराब दिसले तर बोल कारागिराला लागतो.

धंद्याच्या दृष्टीनं लांब केसांची फॅशन अवघड असते. महिन्याला येणारा मुलगा तीन महिन्यांनी येतो. त्यात महेंद्रसिंग धोनीचे मानेवर रुळणारे केस आले. २००६ मध्ये लाहोरला खुद्द मुशर्रफांनी त्याला केस कापू नकोस म्हटलं, ते टीव्हीवर सगळ्या देशानं पाहिलं. मग आमच्या खुर्च्या रिकाम्या राहणार नाहीत तर काय! तेव्हा आम्ही केस धुणं, तेलमालिश आणि कुरळ्या केसांसाठी स्ट्रेटनिंग सुरू केलं. स्ट्रेटनिंगला एका डोक्यामागे तीन-चार तास जातात, औषधाचा वास दुकानभर राहतो, पण त्या कामानंच आम्हाला तारलं. तिसरी खुर्ची त्याच पैशातून आली.

२००७ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकल्यावर धोनीनं केस कापले. पुढच्या वर्षी डिसेंबरात ‘गजनी’ लागला आणि वारं पुरतं फिरलं. सगळ्या डोक्यावर मशिन, आणि बाजूला जखमेच्या खुणेसारखी कोरलेली रेघ. ती रेघ ट्रिमरच्या कोपऱ्यानं, श्वास रोखून काढावी लागते. हात हलला तर सगळं डोकं साफ करण्यावाचून इलाज नाही. शाळेतल्या पोरांना आम्ही घरून कुणाला तरी घेऊन यायला सांगायचो. मशिनचे केस दोन-तीन आठवड्यांत वाढलेले दिसतात, त्यामुळे तीच मुलं परत दारात. दुकानाला असे दिवस क्वचित येतात.

आता फेडचं काम माझा मुलगा सांभाळतो. मशिनचे नंबर बदलत खालून वर केस दाट करत नेण्यात त्याचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. दिवाळीनंतर शेजारचा गाळा मिळतोय, तिथं सूनबाई महिलांचं पार्लर सुरू करणार आहे. सोमवारी दोन्ही बंद.