शॉट १४: कोल्हिणीचा पंजा अखेर जागेवर थांबला

माझ्या ॲनिमेशनमधला शॉट १४ सुटला. चिंगी कोल्हीण चालते तेव्हा पंजा जिथे पडतो तिथेच राहतो, चिखलावरून घसरत नाही. मागच्या नोंदीत हा शॉट ‘पॅनमध्ये काहीतरी खटकतंय’ एवढ्यावर अडला होता (पॅन म्हणजे कॅमेऱ्याचं आडवं सरकणं). त्या खटकण्यामागे तीन वेगळी कारणं निघाली. ती एकमेकांत अशी गुंतली होती की एक दुरुस्त केलं की दुसरं वर यायचं. म्हणून आता ती सुटी करून मांडतो. चारपायी पात्र आणि त्याच्यासोबत सरकणारा कॅमेरा असलेल्या कुठल्याही शॉटला हा हिशोब चालेल.

आधी आकडे. फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेल, सेकंदाला २४ फ्रेम. चालीची सायकल (पुन्हापुन्हा फिरणारा एक पूर्ण फेरा) २४ फ्रेमची, म्हणजे प्रत्येक पाय सेकंदाला एकदा टेकतो. टेकण्याचा क्रम: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा; फ्रेम १, ७, १३ आणि १९. तिरक्या जोडीतले दोन पाय एकदम टेकवले तर ती चाल राहत नाही, दुडकी होते. नेटवरच्या बऱ्याच तयार सायकली ‘वॉक’ म्हणून नेमकी ही दुडकीच देतात, त्यामुळे संदर्भ घेताना पायांचा क्रम आधी तपासा. छायाचित्रकार मायब्रिजने १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७८१ प्लेट्समधल्या कुत्र्याच्या चालीच्या प्लेट्स मला अजूनही सगळ्यात भरवशाच्या वाटतात. प्राण्यामागे आखलेली जाळी असते, तिच्यावरून पाऊल किती पुढे पडलं हे मोजता येतं.

प्रत्येक पाय १६ फ्रेम जमिनीवर आणि ८ फ्रेम हवेत. इथपर्यंत सगळं मागच्या वेळेसारखंच आहे.

पहिलं कारण साधं: टेकलेल्या पायाच्या हालचालीत ईझिंग (हळू सुरू होऊन हळू थांबणं) शिरलं होतं. जमीन एकसारख्या वेगाने मागे जाते, तर टेकलेला पंजाही एकसारख्याच वेगाने मागे जायला हवा. त्या १६ फ्रेममध्ये स्लो-इन, स्लो-आउट काही नाही. सगळं ईझिंग हवेतल्या ८ फ्रेममध्ये. ओपनटून्झ या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये पेगच्या (चित्र सरकवणाऱ्या अदृश्य आधाराच्या) कीफ्रेम निवडून इंटरपोलेशन लिनिअर, म्हणजे एकसारख्या वेगाचं, करा आणि फंक्शन एडिटरमध्ये रेघ खरंच सरळ आहे का ते डोळ्यांनी बघा. नुसत्या मेनूवर विसंबू नका.

दुसरं कारण पॅनच्या वेगात होतं. ॲनिमॅटिकमध्ये (शॉटच्या कच्च्या व्हिडिओ-आराखड्यात) तो फ्रेममागे ८ पिक्सेल ठरला होता, कारण संगीताच्या तुकड्यात तो बरोबर बसत होता. पण वेग संगीतावरून ठरत नाही, प्राण्याच्या अंगावरून ठरतो. चिंगीचा पाय मॉडेल शीटवर (पात्राची मापं ठरवणाऱ्या मूळ चित्रावर) ९० पिक्सेल लांब आहे. ८ च्या वेगाने टेकलेला पंजा १६ फ्रेममध्ये १२८ पिक्सेल मागे जातो, म्हणजे सांध्याच्या पुढे ६४ आणि मागे ६४. पाय दोन्हीकडे ४५ अंशांनी फाकतो. ही निवांत चाल नाही, हा घाईचा ताणलेला पाय आहे, आणि तो पुरवण्यासाठी ड्रॉइंगमध्ये नकळत पाय लांबवला जातो. ६ पिक्सेलला तोच प्रवास ९६ होतो, पुढेमागे ४८, आणि कोन ३२ अंशांच्या आसपास येतो. बघताक्षणी चाल वाटते.

याच शॉटमध्ये आणखी एक अट आहे. चिखलात ठसे उमटलेले दिसायला हवेत, आणि कोल्ह्याच्या चालीत मागचा पंजा बहुतेकदा पुढच्या पंजाच्याच ठशात पडतो. डावा पुढचा फ्रेम ७ ला टेकतो, २३ ला उचलतो. डावा मागचा २५ ला टेकतो. मधल्या १८ फ्रेममध्ये जमीन १८ गुणिले ६, म्हणजे १०८ पिक्सेल सरकते. म्हणजे मॉडेल शीटवर मागच्या पंजाची टेकण्याची जागा पुढच्याच्या टेकण्याच्या जागेपासून बरोबर १०८ पिक्सेल मागे हवी. चिंगीचं खांदा ते कंबर अंतर तेवढंच निघालं! ८ च्या वेगाला हेच अंतर १४४ लागलं असतं आणि मागचा ठसा पुढच्या ठशाच्या ३६ पिक्सेल पुढे पडला असता. झपझप चालणाऱ्या प्राण्याचं तसं होतंही, पण या शॉटला ठशांची एकेरी माळ हवी आहे. आता पॅनचा वेग काढायचं माझं सूत्र हेच: मॉडेल शीटवरचं पुढच्या-मागच्या पंजाच्या टेकण्याचं अंतर, भागिले त्या दोन टेकण्यांमधल्या फ्रेम. ॲनिमॅटिक त्यानंतर.

हे दोन्ही झाल्यावरही पंजा थरथरत होता. तिसरं कारण शोधायला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि ते ड्रॉइंगमध्ये नव्हतंच.

चाल टूजवर होती, म्हणजे एक ड्रॉइंग दोन फ्रेम, आणि पॅन वन्सवर, म्हणजे दर फ्रेमला. पहिल्या फ्रेमला पंजा जमिनीवर अचूक बसतो. दुसऱ्या फ्रेमला ड्रॉइंग तेच राहतं, पण जमीन ६ पिक्सेल मागे गेलेली असते, म्हणजे पंजा जमिनीवर ६ पिक्सेल पुढे घसरतो. तिसऱ्या फ्रेमला नवं ड्रॉइंग येतं आणि पंजा पुन्हा जागेवर. सेकंदाला १२ वेळा ६ पिक्सेलची ही ये-जा. रेघ कितीही स्वच्छ असो, सायकल कितीही अचूक असो, हे जाणार नाही.

नेहमीचा सल्ला म्हणजे पॅनसुद्धा टूजवर करा. पंजा त्याने लगेच बसतो. पण मग पार्श्वभूमी १२ पिक्सेलच्या उड्या घेते, आणि जवळच्या गवताच्या लेयरला पॅरलॅक्स (जवळचं जास्त वेगाने सरकणं) १.८ पट असल्याने ते एकेका उडीत २१.६ पिक्सेल सरकतं. उभी पाती असलेल्या लेयरला हे अजिबात सोसत नाही, प्रत्येक पातं दुहेरी दिसतं. मोकळं आकाश आणि सपाट जमीन असेल तर चालून जाईल, इथे नाही. दुसरा सल्ला, अख्खी सायकल वन्सवर काढा. तीही चालेल, पण अंगाची रेघ २४ वेळा नव्याने काढली की पोट आणि पाठ उकळायला लागते, म्हणजे तिथली रेघ सतत थरथरते, आणि चिंगीच्या पाठीवरचे पट्टे सांभाळणं वेगळंच काम होऊन बसतं.

सुटका झाली ती एका साध्या प्रश्नाने: जमिनीला टेकतं कोण? फक्त पाय. कॅमेरा चिंगीसोबत चालतो, त्यामुळे तिचं धड स्क्रीनवर जवळपास स्थिरच असतं. धड दोन फ्रेम तसंच राहिलं तरी काही बिघडत नाही. म्हणून पाय वन्सवर, धड-डोकं-शेपूट टूजवर, वेगवेगळ्या लेव्हलवर (ड्रॉइंगच्या थरांवर).

पायाची लेव्हल धडाच्या खाली ठेवली आणि मांडीचा वरचा भाग धडाच्या आत २० पिक्सेल वाढवला, म्हणजे धड वरखाली होताना सांध्यात फट पडत नाही. टेकलेल्या १६ फ्रेममध्ये पंजा नव्याने काढायचा नाही. एकच पंजा कॉपी करून दर फ्रेमला ६ पिक्सेल मागे, नव्याने काढायची ती फक्त वरची नळी. नजर पंजावर असते, तिथे रेघ उकळता कामा नये. शेवटच्या तीन फ्रेममध्ये टाच उचलते तेव्हा बोटांची टोकं त्याच ६ पिक्सेलच्या चालीने जात राहतात, बाकीचा पंजा त्यांच्यावर फिरतो. पंजाखालची सावलीही वन्सवर घ्यायला विसरू नका. सावली टूजवर राहिली तर पंजा अचूक असूनही सगळं पुन्हा घसरल्यासारखं वाटतं.

ड्रॉइंगचा हिशोब: पुढचा पाय २४, मागचा पाय २४. पलीकडचे पाय म्हणजे हीच ड्रॉइंग १२ फ्रेम पुढेमागे करून, थोडी गडद आणि १० पिक्सेल वर. शेपटी १२. धड मात्र फक्त ६, आणि यातच या सायकलची सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. पुढचा पाय उभा होतो तेव्हा खांदा सगळ्यात वर: फ्रेम ३ आणि १५. मागचा उभा होतो तेव्हा कंबर सगळ्यात वर: ९ आणि २१. खांदा वर तेव्हा कंबर बरोबर खाली, सी-सॉसारखं, आणि हे एका सायकलमध्ये दोनदा. सगळी टोकं विषम फ्रेमवर पडतात, त्यामुळे टूजच्या ड्रॉइंगमध्ये एकही हुकत नाही. खांद्याला ४ पिक्सेल आणि कंबरेला ३ पुरतात. डोकं याच्या उलट किंचित हलवा, नाहीतर ते धडाला खिळल्यासारखं दिसतं.

तपासायची पद्धत. पंजाच्या मधल्या बोटावर लाल ठिपक्याची वेगळी लेव्हल ठेवा, कॅमेऱ्याचा पॅन बंद करून जमीन स्थिर ठेवा आणि चिंगीला ६ पिक्सेलने पुढे जाऊ द्या. एक टेकणं संपेपर्यंतच्या १६ फ्रेम एकावर एक ठेवल्या की सगळे ठिपके एका ठिपक्यात विरघळायला हवेत. ठिपक्याची आडवी रेघ झाली तर वेग चुकतोय, दोनच ठिपके दिसले तर कुठलीतरी लेव्हल टूजवर राहिली आहे. नुसता व्हिडिओ पुन्हापुन्हा बघून हे कळत नाही, डोळा सवयीने माफ करतो.

हे करताना मांडणीच बदलली आणि ती पुढच्या सगळ्या शॉटना ठेवणार आहे. आता पार्श्वभूमी हलत नाही. जमीन स्थिर, चिंगी तिच्या पेगवर फ्रेममागे ६ पुढे, कॅमेरा वेगळा. यातून लगेच नवी शक्यता निघाली: शॉटच्या शेवटी कॅमेरा २४ फ्रेममध्ये हळूहळू थांबेल आणि चिंगी चालत फ्रेमबाहेर जाईल. जुन्या मांडणीत पॅन मंद केला की पाय पुन्हा घसरले असते, थांबण्याची चाल वेगळी काढावी लागली असती. आता सायकल तशीच राहते. पार्श्वभूमी मूळची ३०७२ पिक्सेल रुंद रंगवलेली आहे. ८ ने ती ६ सेकंदांत संपत होती, ६ ने ८ सेकंद पुरते. वाढलेले दोन सेकंद टिटवीला द्यायचे: तिची हाक, चिंगीचा एक कान मागे, चाल न थांबता.

ठशांसाठी एकच लेव्हल पुरली. पहिल्या ड्रॉइंगमध्ये एक ठसा, दुसऱ्यात दोन, असं वाढत. ठसे ७२ पिक्सेलवर आलटून पालटून, दर १२ फ्रेमला पुढचं ड्रॉइंग, आणि बदल पुढचा पंजा टेकतो त्याच फ्रेमला, म्हणजे ठसा उमटतानाचा क्षण पंजाखाली झाकलेला राहतो. दोन फ्रेम उघडा दिसतो, मग मागचा पंजा त्यावर येतो.

दगडोबाला यातलं काहीच करावं लागलं नाही. कासवाचा वेग फ्रेममागे २ पिक्सेल, टूजवर ठेवलं तरी थरथर दिसत नाही. माझ्या मते १०८० च्या फ्रेमला २ ही मर्यादा, ३ पासून पाय वन्सवर घ्या.

ओठांच्या हालचालींबद्दल थोडक्यात. ऱ्हुबार्ब या आवाजावरून ओठांचे आकार काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा नेहमीचा रेकग्नायझर इंग्रजीसाठी आहे, मराठी संवादाला ‘फोनेटिक’ निवडा. प, ब, भ, म ला बंद तोंड नीट पकडतो, बाकी आकार हाताने तपासावे लागतात. टिटवी आणि दगडोबा दोघांनाही चोच, दात नाहीत, ओठांचा चंबू होत नाही, त्यामुळे बंद, अर्धं आणि पूर्ण उघडं एवढे तीनच आकार ठेवले. ‘ऊ’ ला चोच अर्धी उघडी आणि मान थोडी पुढे. मान काम करून जाते.

याच पात्रांच्या वेबकॉमिकचा पुढचा भाग मात्र आता बदलतो आहे. ठरवलेली पानं होती संवादाची, पण ठशांची ही माळ ८०० पिक्सेल रुंदीच्या उभ्या स्क्रोलमध्ये वरून खाली उतरवली तर अर्धा भाग एकही पात्र न दाखवता सांगता येईल: चिंगीची एकेरी माळ, शेजारी दगडोबाच्या रुंद दुहेरी ओळी, आणि एका जागी चिंगीच्या ठशांमधलं अंतर अचानक दुप्पट. मजकूर कमी झाल्याने फुगेही मोकळे राहतील. अक्षरं २८ पिक्सेल, ओळींमधलं अंतर १.५ पट, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांत शिरतात. अक्षरजुळणी इंकस्केपमध्येच करतोय, जोडाक्षरं तिथे मोडत नाहीत, आणि शेवटी अक्षरांचे पाथ (आकार) करून क्रिता या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये नेतोय.

पुढचा शॉट १५: चिंगी धावते. तिथे चारही पाय हवेत असलेल्या फ्रेम येतात, त्यामुळे ठिपक्यांची तपासणी फक्त टेकण्याच्या फ्रेमवर चालेल आणि वेग काढायला वरचं सूत्र जसंच्या तसं लागू होणार नाही. उडीची लांबी आधी जमिनीवर आखून, टेकण्याच्या जागा पक्क्या करून मगच की ड्रॉइंगला हात घालणार आहे. धावण्याच्या सायकलचा हिशोब कोणी केला असेल तर फ्रेमसंख्या आणि पायांचा क्रम दोन्ही पाठवा, नुसता व्हिडिओ नको.