आबा आणि गळ्याची जखम

कन्सेंटचा फॉर्म हातात होता आणि त्यातलं एक वाक्य गिळून टाकावं, असं मला फार वाटत होतं.

प्लॅस्टिक सर्जरीच्या रेसिडेन्सीचं माझं दुसरं वर्ष. बर्न्स वॉर्डात 26 वर्षांची एक बाई, गॅसच्या भडक्यात 35 टक्के भाजलेली. हात आणि पोटावर स्किन बँकेतून आणलेली त्वचा तात्पुरती लावली होती. खरी काळजी गळ्याची. तिथली जखम पांढरट, चामड्यासारखी; टाचणी टोचली तरी तिला कळत नव्हती. अशा गळ्यावर नुसती पातळ ग्राफ्ट, म्हणजे तिच्याच अंगावरून काढलेली कातडी लावली तर ती आखडते आणि हनुवटी छातीकडे ओढली जाते. म्हणून सरांनी गळ्यापुरतं कृत्रिम डर्मिस, म्हणजे त्वचेचा आतला जाड थर, वापरायचं ठरवलं. किंमत ऐकून घरच्यांचे चेहरे उतरले, पण एका ट्रस्टनं भार उचलला.

सर म्हणाले, "कशाचं बनतं ते नीट सांग हं."

गाईगुरांच्या पायाच्या शिरेतलं, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरेतलं कोलॅजन नावाचं प्रथिन, त्यात शार्कच्या कूर्चेतला एक घटक आणि वरून सिलिकॉनचा पापुद्रा. बॉस्टनचे सर्जन जॉन बर्क आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे योआनिस यान्नास यांनी 1981 मध्ये हे जगापुढे मांडलं. परीक्षेत मी ते धडाधड लिहिलं असतं. पण समोर तिचे वडील बसले होते. गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर टोपी.

सांगितलं. आबा बराच वेळ टोपीची घडी घालत-मोडत राहिले.

"शीर म्हंजी, खुराच्या वरची?"

"हो आबा."

"लई चिवट असती ती." मग थोडं थांबून, "पोरीच्या अंगात ती कायमची ऱ्हाणार?"

हा प्रश्न कुठल्याच नातेवाइकानं मला विचारला नव्हता. म्हटलं, नाही. ती नुसती परात आहे... छे, परात नव्हे, वेलीचा मांडव. तिच्याच पेशी आणि रक्तवाहिन्या त्याच्या भोकाभोकांतून आत शिरतात, स्वतःचा थर विणतात आणि मांडव हळूहळू विरघळून जातो.

आबांनी अंगठा पुढे केला, मग मागे घेऊन सही केली. म्हणाले, "तिच्या सासूला मी सांगतो. तुमी नका बोलू."

ऑपरेशन दोन तासांत झालं. त्यापुढचे तीन आठवडे मात्र माझा जीव टांगणीला. सिलिकॉन पारदर्शक, त्यामुळे खाली काय चाललंय ते दिसतं, आणि दिसतं म्हणून रोज छातीत धडधडतं. चौथ्या दिवशी डाव्या कोपऱ्यात जांभळा फुगा. रक्त साचलेलं. ते तसंच राहिलं तर तेवढा तुकडा जखमेला धरत नाही आणि जंतूंना आयतं घर मिळतं. सुईनं ओढून काढलं, वर दाबून पट्टी बांधली आणि रात्री दोनदा उठून टॉर्च मारून बघितलं. सिस्टर हसल्या, "मॅडम, सारखं उघडून बघितल्यानं भात लवकर शिजत नाही."

लाल रंग गुलाबी झाला, मग हळूहळू वाळल्या गवतासारखा पिवळसर. तो रंग दिसला की समजायचं, आत रक्तवाहिन्या पोचल्या.

23व्या दिवशी पुन्हा थिएटर. सरांनी चिमटा माझ्या हातात दिला. कोपरा धरून ओढला, तर सिलिकॉन दुधावरच्या सायीसारखा अलगद सुटून आला. त्या डाव्या कोपऱ्यातही खाली ओलसर, सपाट थर. त्यावर मांडीवरून काढलेली अगदी पातळ ग्राफ्ट लावली. इतकी पातळ, की काढताना तिच्याखालून हंबी नाइफचं, म्हणजे कातडी सोलायच्या सुरीचं, पातं चमकताना दिसत होतं.

बाहेर आबा उभेच होते.

"गुराचं गेलं का?"

"बहुतेक सगळं गेलं. उरलंसुरलंही जाईल."

"मग गळ्याला पट्टा किती दिवस?"

"सहा महिने तरी, आबा. रात्रीसुद्धा."

"उन्हाळ्यात बी?"

"उन्हाळ्यात बी."

आबांनी टोपी डोक्यावर घातली आणि सासूला फोन लावायला जिन्याकडे गेले.